शेऱ्याचा रकाना

आमच्याकडे माणूस गेल्याचं डॉक्टर नुसतं सांगतो. जाहीर करतो तो फ्लेक्सवाला. कोरेगाव तालुक्यात आमच्या गावच्या फाट्यावर एक फ्लेक्सवाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर श्रद्धांजलीचे साचे कायम तयार असतात. ‘प्रगतशील शेतकरी’ म्हटलं की मागे उगवता सूर्य आणि ट्रॅक्टर. ‘आदर्श शिक्षक’ म्हटलं की उघडं पुस्तक आणि दौत-टाक. शाळेत टाक पाहिलेला शेवटचा माणूस केव्हाच गेलेला असला तरी. आणि ‘कुटुंबवत्सल’ म्हटलं की चारी कोपऱ्यांत गुलाब. माणसाने यांतलं एकच काहीतरी असावं, एवढीच त्याची अपेक्षा असते. आमचे मास्तरकाका गेले तेव्हा माझ्या चुलतभावाने त्याला तिन्ही सांगितलं आणि त्याने तिन्ही दिलं. मग तेराव्यापर्यंत काका फाट्यावर उगवत्या सूर्यासमोर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उघडून ठेवलेल्या पुस्तकामागून, गुलाबांतून वाट काढत लोकांकडे बघत होते. काकांकडे जन्मात ट्रॅक्टर नव्हता. ते प्रगतशीलही नव्हते, कारण आमच्याकडे सोसायटीचं कर्ज काढतो तो शेतकरी आणि बँकेचंही काढतो तो प्रगतशील. काकांनी दोन्ही काढलं नाही.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. शोकसभेत गेलेल्या माणसाबद्दल बोलायची पद्धत नाही. तो आपल्याबद्दल काय म्हणाला होता, ते सांगायचं असतं. सरपंच म्हणाले, “गुरुजी मला म्हणायचे, तू फार पुढे जाणार.” हे काका सगळ्यांनाच म्हणायचे, मागच्या बाकावरून उठवून पुढे बसवायचं असलं की. माजी विद्यार्थ्यांपैकी जो तो आपल्या पाठीवर पडलेल्या काकांच्या हाताविषयी बोलला, आणि तो हात शाबासकीचा नव्हता. सोसायटीचे चेअरमन उठले, म्हणाले, “गुरुजींकडे एक रुपयाची थकबाकी नाही,” आणि बसले. त्या दिवसातलं सगळ्यात मनापासूनचं भाषण ते.

शेतीवर बोलून झालं, शाळेवर बोलून झालं. तिसऱ्या कामावर कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नव्हता. शेतकऱ्याचा साक्षीदार सात-बारा. मास्तराचे साक्षीदार विद्यार्थी. ते लोक चांगले टिकाऊ असतात. पण ज्याने उभा जन्म घरातल्या आजारी माणसांचं केलं, त्याचे साक्षीदार त्याच्या आधीच एकामागून एक निघून गेलेले असतात. आजी गेली, थोरले काका गेले, काकू गेल्या. आता बोलायला उभं कोण राहणार?

काकांची शेती पावणेतीन एकर. खरिपाला घेवडा, रब्बीला शाळू. आमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. काकांचा घेवडा मात्र मानांकनाच्या कितीतरी आधीपासून शिस्तीत होता. पेरणी सुतळी धरून व्हायची आणि बांधाकडून हातभर जागा सोडलेली असायची, वहीत समास सोडतात तशी. पाखरांसाठी बुजगावणं केलं, तर त्याला काकांनी आपला शाळेचा जुना कोट आणि टोपी घातली. पाखरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पण त्या वाटेने शाळेला जाणारी पोरं बुजगावण्यासमोर आली की सरळ रांगेत चालायला लागायची, आणि एकदोघं ‘नमस्ते गुरुजी’ही म्हणायची.

शाळा द्विशिक्षकी. दोघांपैकी एक काका. दुसरे शिक्षक वर्षानुवर्षं ‘येणार’ होते. अशा शाळेत मास्तर म्हणजे मुख्याध्यापक, कारकून, शिपाई आणि घंटा. शिवाय जनगणना, मतदारयादी आणि सरकारच्या डोक्यात येईल ती प्रत्येक मोहीम. पहाटे मोट सुटायची (पुढे मोटार आली आणि वीज येईल तेव्हा पहाट व्हायला लागली) आणि अकराला शाळेची घंटा व्हायची. मधल्या वेळात काका धोतराचे पायजम्यात आणि शेतकऱ्याचे मास्तरात कसे रूपांतरित होत, ते कुणाला कळलं नाही. पायांवरचा चिखल तेवढा रूपांतरातून सुटायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या चिखलाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय?” काका म्हणाले, “मूलोद्योग.” साहेबांना वर्धा शिक्षण योजना पाठ होती. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला ती मांडली, शाळेत हाताचा उद्योग शिकवावा म्हणून. तेव्हा त्यांना पुढे काही बोलता आलं नाही.

१९७७च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप सुरू झाला, त्यात शिक्षकही उतरले. घराघरातले मास्तर पगाराच्या चिंतेत होते. आमच्या काकांचा शाळू त्या साली असा आला की पुढची दहा वर्षं आजोबा त्याचं उदाहरण देत होते. “सरकारने अजून एकदा संप करावा,” असं ते म्हणायचे. संप सरकार करत नसतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

हे सगळं खरं, पण काकांचा खरा संसार गोठ्यातल्या फळ्यावर होता. शाळेतून बाद झालेला एक फळा त्यांनी रीतसर लिलावात घेऊन गोठ्याच्या भिंतीला ठोकला होता. त्यावर डावीकडे दुधाचा हिशेब, मध्ये पाटाच्या पाण्याची पाळी आणि उजवीकडे घरातल्या आजाऱ्यांचं वेळापत्रक. ‘सकाळी ६ – आई, कूस बदलणे. ६॥ – दादा, पायाची पट्टी. ७ – म्हैस.’ पाहुण्यांना यातल्या म्हशीचं नेमकं काय दुखतंय ते कळत नसे.

आजीला अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी घरात तीन सुना होत्या. सगळ्यांना वाटलं, सुना करतील. सुनांनीही केलं, पण उजवी बाजू लुळी पडलेल्या आजीने काकांशिवाय कुणाच्या हातून घास घ्यायला नकार दिला. कारण तिने पुढे आत्याला सांगितलं: बाकीचे घास भरवतात, हा शिकवतो. काका खरंच शिकवायचे. “आता ओठ मिटा. आता चावा. शाबास.” शेवटी शेवटी आजीला बोलता येऊ लागलं ते बाराखडीच्या क्रमाने, असं आमच्या घरात अजून सांगतात. थोरल्या काकांना मधुमेह होता; त्यांच्या पावलाची जखम काका रोज शाळेआधी धुऊन बांधायचे. थोरले काका स्वभावाने तापट. ते पट्टी बांधून होईपर्यंत शिव्या द्यायचे आणि काका त्यांतल्या व्याकरणाच्या चुका काढायचे.

आणि मग काकू. काकूंची आठवण हळूहळू सुटत गेली. आधी भाजीत मीठ, मग नातवंडांची नावं, मग काका. आयुष्यभर नवऱ्याला ‘अहो’पलीकडे हाक न मारलेल्या काकू एके दिवशी त्यांना म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही आमच्या घरात कशाला बसलात?” काका म्हणाले, “हजेरी घ्यायला.” काकूंनी लगेच “हजर” म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी हजेरी. काकू काही दिवस काकांना शाळेचा शिपाई समजत. तेव्हा त्या हुकूम सोडायच्या आणि काका घंटा वाजवून यायचे. आत्या म्हणते, “जन्मभर जे जमलं नाही, ते वहिनीने शेवटच्या चार वर्षांत करून घेतलं.”

या कामाचा कागद कुठे मिळतो? काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाला. रजेच्या अर्जांच्या कार्बन प्रती, सालवार, सुतळीने बांधलेल्या. ‘माझ्या मातोश्रींस अर्धांगवायूचा झटका आल्यामुळे’, ‘माझे ज्येष्ठ बंधूंच्या पायाची शस्त्रक्रिया असल्यामुळे’, ‘माझी पत्नी रात्रीपासून घराबाहेर गेली असून तिचा शोध घेणे आवश्यक असल्यामुळे’. सबंध घराण्याचा वैद्यकीय इतिहास ‘आपला आज्ञाधारक’च्या वर लिहिलेला. किरकोळ रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करायचा असतो, आणि मुख्याध्यापक काकाच. तेव्हा अर्जदारही तेच, मंजूर करणारेही तेच. पण खालची सही एवढी सोपी नव्हती. बऱ्याच अर्जांवर लाल शाईत शेरा होता: ‘नामंजूर. परीक्षा जवळ आली आहे.’ एकावर तर होतं, ‘कारण सयुक्तिक वाटत नाही. पुन्हा अर्ज करावा.’ आणि त्याखाली दुसरा अर्ज, जास्त सयुक्तिक.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती: माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात? अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब घेतला. घरातल्या माणसांची बिनपगारी देखभाल करणारे पुरुष त्यांना शंभरात चौदा सापडले. बायका जवळपास दुप्पट. आणि यात मुलांना सांभाळणंही आलं. म्हणजे या चौदांपैकी बरेचसे संध्याकाळी पोराला बागेत नेऊन स्वतः मोबाइल बघणारे असणार, असा माझा अंदाज. भावाच्या पायाची पट्टी बांधणारे किती, ते त्या तक्त्यात वेगळं काढलेलं नाही.

अस्थी कुठे न्यायच्या, यावर घरात बैठक बसली. संगम माहुली हाकेच्या अंतरावर आहे, कृष्णा-वेण्णेचा संगम. आमच्याकडचं सगळ्यांचं तिथेच होतं. पण आत्याने एका वाक्यात बैठक मोडली. “तो आईला घेऊन काशीला गेला होता. त्याच गुरुजींकडे न्या.” पत्ता काकांच्या डायरीत होता, वळणदार अक्षरात: दूधविनायक, ब्रह्माघाटाजवळ, वाराणसी. खाली खूण: ‘काळभैरवाच्या बाजूने आत शिरणे. बैल आडवा असल्यास थांबणे.’

बैल आडवा होता. आम्ही थांबलो. मैदागिनला रिक्षा सोडली की पुढे पायीच. दूधविनायकाची गल्ली अशी की समोरून मोटारसायकल आली तर कुणीतरी एकाने कुणाच्यातरी ओट्यावर चढायचं. वाड्यांच्या चौकांवर माकडांसाठी लोखंडी जाळ्या. म्हणजे इथे माकडं मोकळी आणि माणसं पिंजऱ्यात, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडत नाही. दारावर पाटी मराठी आडनावाची आणि आतून हाक बनारसी हिंदीत. चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे. तो गूगलच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “दादा, आपण आत्ता एका भिंतीच्या आत आहोत.”

मराठी माणूस काशीला मरायला येतो असा एक समज आहे. या भागातले मराठी लोक मात्र चारशे वर्षांहून अधिक काळ जगायला येत आहेत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थळीसेतु’ लिहिला, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया यांची यात्रा कशी करावी याचा ग्रंथ. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ला रायगडावर राज्याभिषेकाला गेले. पुढे पेशव्यांच्या काळात घाट बांधले गेले, वाडे उठले. पंचगंगा घाटावर कार्तिकात दिवे लागतात तो दगडी हजारा अहिल्याबाईंचा. आणि इथल्याच मराठी घरात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’ दैनिकाचे संपादक होऊन हिंदी पत्रकारितेचे गुरुजी झाले. एकूण मराठी माणूस घरापासून लांब गेला की दुसऱ्यांना शिकवायला लागतो. घरी कुणी ऐकत नाही, हेही कारण असेल.

गुरुजींनी आमचं आडनाव आणि गाव विचारलं, आत गेले आणि खारव्याच्या कापडात बांधलेली वही घेऊन आले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे: पानावर नोंदी वाट फुटेल तिकडे गेलेल्या असतात. जुनी पानं मोडीत. कुणी आडवं लिहिलंय, कुणी कोपऱ्यातून वर चढलंय, कुणाचा पणजोबा कुणाच्या मेहुण्यावर आडवा पडलाय. गुरुजींनी पानं उलटली आणि १९८५च्या मे महिन्याशी थांबले. ते पान आखलेलं होतं. पट्टी लावून, पेन्सिलीने. रकाने: अ. क्र., नाव, गाव, कोणासोबत, काय सोडले, शेरा.

“हे तुमचे मास्तर,” गुरुजी म्हणाले. “मी तेव्हा लहान होतो. बाबा नेहमी सांगायचे, साताऱ्याकडचे एक मास्तर आईला पाठीवर घेऊन आले, आणि वही तपासून गेले.”

तपासून म्हणजे अक्षरशः. मागच्या पानांवर आमच्या पूर्वजांच्या नावांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केलेले होते. आमचे खापरपणजोबा ‘विष्णू’ होते, काकांनी त्यांना ‘विष्णु’ केलं होतं. नियम तोपर्यंत बदलून गेला होता ही गोष्ट वेगळी. एका पूर्वजाने सहीऐवजी अंगठा उठवला होता. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात: ‘साक्षर करणे राहून गेले.’

दुर्गाघाटाच्या पायऱ्या उंच आहेत. गल्लीत तेव्हाही रिक्षा येत नव्हती आणि आजीची उजवी बाजू हलत नव्हती, तेव्हा काकांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि गंगेपर्यंत नेलं. मे महिना, वर काशीचं ऊन. घाटावरचे लोक हात जोडून ‘साक्षात श्रावणबाळ’ म्हणाले, तर काका म्हणाले म्हणे, “श्रावणाला शाळा नव्हती.” मला हे काकांचं वाक्य वाटतंच. शिवाय श्रावणाने आईवडिलांना एकाच कावडीत, एकाच खेपेत नेलं. काकांकडे माणसं हप्त्याहप्त्याने आली. आणि कावडीचाच विषय निघाला तर, १८५७च्या धामधुमीत उत्तरेत गेलेले वरसईचे गोडसे भटजी आठवतात. कर्ज फेडायला पैसा मिळवायचा म्हणून निघाले, वाटेत सगळं लुटलं गेलं, आणि परत आले ते आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्यांनी निदान पुस्तक लिहून ठेवलं. काकांनी फक्त रकाने आखले.

आजीच्या नोंदीत ‘काय सोडले’समोर ‘फणस’ होतं. इथे थोडं सांगायला हवं. काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायचा असतो. मूळ कल्पना त्यागाची. पण मराठी माणूस त्यागातही हिशेबी, म्हणून काशीत सर्वांत जास्त सोडलेली वस्तू कारलं असावी. गुरुजींच्या वहीत कारल्याखालोखाल शेपू दिसली, आणि एका गृहस्थांनी ‘सासुरवाडी’ लिहून मग खोडलेलं होतं. आजीला फणस खरंच आवडायचा. तिच्या शेऱ्यात लिहिलं होतं: ‘गंगास्नान झाले. प्रकृती ठीक. औषध दिवसातून तीन वेळा.’

त्याखाली काका. काय सोडले: ‘काही नाही. घरी पथ्याचा स्वयंपाक, तेच जेवतो.’ शेरा: ‘शाळा उघडण्यापूर्वी पेरणीस पोहोचणे आवश्यक.’

आत्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. चुलतभाऊ म्हणाला, “बाबांना सुरळीची वडी आवडायची. आईकडून कळलं होतं. मी त्यांना कधी खाताना पाहिलं नाही.”

गुरुजींनी सांगितलं की तेव्हापासून त्यांच्या घरात वह्या आखूनच घेतात. वडिलांना ती पद्धत सोयीची वाटली, आता मुलगाही तेच करतो. खरंच, पुढची सगळी पानं रकान्यांत होती. नाशिकचे, नागपूरचे, बेळगावचे, इंदूरचे, हल्ली न्यू जर्सीचेही लोक काकांच्या पट्टीबाहेर गेलेले नव्हते. एक रकाना तेवढा वाढला होता: मोबाइल नंबर.

संध्याकाळी घाटावर बसलो असताना गुरुजी म्हणाले, “मास्तर म्हणजे विनोबाही इथे मास्तर होते.” हे मला माहीत होतं, पण घाटावर बसून ऐकण्यात निराळी गंमत. विनोबा २५ मार्च १९१६ला इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि सरळ काशीला आले. एका पंडितांना विचारलं, संस्कृत शिकायला किती दिवस लागतील? पंडित म्हणाले, बारा वर्षं. विनोबा म्हणाले, माझ्याकडे दोन महिने आहेत. दुपारी अन्नछत्रात जेवायचे, तिथे दोन पैसे दक्षिणा मिळे, त्यात रात्रीचं भागवायचे. एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि पगार मागितला महिना दोन रुपये. सोबत आलेला बेडेकर नावाचा मित्र इथेच वारला. जूनमध्ये विनोबा गांधीजींकडे कोचरबला पोहोचले, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

गुरुजींना त्यांतली एक गोष्ट फार प्रिय. घाटावर अद्वैती आणि द्वैती पंडितांचा वाद झाला आणि अद्वैत जिंकल्याचं जाहीर झालं. तरणे विनोबा उठून म्हणाले, अद्वैत हरलं. कारण अद्वैती वादाला बसला, तिथेच त्याने समोर दुसरा कुणी आहे हे कबूल केलं. चुलतभावाला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने ती गुरुजींकडून दोनदा सांगून घेतली. मला वाटलं, बापाच्या अस्थी घेऊन आलेला माणूस, वैराग्य येत असेल.

माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. विनोबा शेतकरीही झाले. १९५०च्या सुमारास पवनारला त्यांनी बैलांवाचून, केवळ हातांनी ऋषिशेती केली. शिक्षक तर ते होतेच, देशाचे. पण त्यासाठी आधी घर सोडावं लागलं. घर सोडलेल्या माणसाचं चरित्र लिहिणं सोपं असतं: अमुक तारखेला निघाले, तमुक तारखेला पोहोचले. घर न सोडलेल्या माणसाचं काय लिहिणार? निघालेच नाहीत. विनोबांविषयी काकांना अतोनात आदर होता, भूदानाची पुस्तकं घरात होती. ऋषिशेतीचं मात्र ते म्हणायचे, “बैलांवाचून शेती करायची तर बैलाचं काम कुणाकडे होतं, ते कुठे दिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सोडल्या. नावाड्याने सुरुवातीला सांगितलेला आकडा ऐकून आत्या म्हणाली, “आम्हाला त्यांना पोहोचवायचंय, आम्हाला परत यायचंय.” आकडा खाली आला. पंचगंगेसमोर मध्यावर गेल्यावर विधी झाला, चटकन झाला. काकांना उगाच लांबवलेलं काही आवडत नसे.

परत आल्यावर वही. अनुक्रमांक, नाव, गाव लिहून झालं. ‘कोणासोबत’समोर आमची तिघांची नावं. मग शेरा. चुलतभाऊ म्हणाला, “उत्कृष्ट.” मी म्हणालो, हे तर प्रगतिपुस्तक झालं. सर्व्हिस बुकात असतं तसं ‘कामकाज समाधानकारक’ लिहावं असं एक मत पडलं. ते आत्याला मुळीच समाधानकारक वाटलं नाही. ती म्हणाली, “लिही. आईचं केलं. भावाचं केलं. बायकोचं केलं. माझं बाळंतपण केलं.”

“आत्या, रकान्यात मावत नाही.”

“मग शेजारच्या रकान्यात घे.”

शेजारचा रकाना ‘काय सोडले’चा. गेलेल्या माणसापुढे तो रिकामाच ठेवतात, गुरुजी म्हणाले, तेव्हा हरकत नाही. म्हणून ‘आईचं केलं’ शेऱ्यात आहे आणि आत्याचं बाळंतपण ‘काय सोडले’मध्ये. काकांनी हे पान पाहिलं असतं तर लाल शाई काढली असती.

राहिलो आम्ही जिवंत माणसं. आत्याने चहा सोडायची घोषणा केली आणि मग तोंडातून गेलं म्हणून फक्त दुपारचा सोडला. मी कारलं सोडलं, परंपरा आहे. चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, “घेवडा.”

“अरे, बापाचं पीक!” आत्या ओरडली.

“म्हणूनच. दहावीपर्यंत सोमवार ते शनिवार डब्यात घेवडा होता. आवडीचं सोडायचं असतं ना? मला तो आवडायचा. तिसरीपर्यंत.” गुरुजींनी संकल्प सोडवून घेतला. अनुक्रमांकासह नोंद झाली.

निघायच्या दिवशी गुरुजींच्या घरी जेवण होतं. गुरुजींच्या पत्नीने भात वाढला आणि वर डावभर राजमा घातला. घमघमाट असा की चुलतभावाने ताट जवळ ओढलं. आत्याने एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे नेला, पट्टे बघितले आणि म्हणाली, “हा तर आपला वाघ्या.”

पंगत थांबली. आमचा घेवडा उत्तरेत येऊन राजमा म्हणून विकला जातो, हे खरं आहे; पण हे कळायची वेळ चुकीची होती. बनारस हिंदू विद्यापीठात शिकणारा गुरुजींचा मुलगा म्हणाला, वनस्पतिशास्त्राप्रमाणे दोन्ही एकच. गुरुजी म्हणाले, वनस्पतिशास्त्र विद्यापीठात चालतं, पंक्तीत नाही. संकल्पात जे नाव उच्चारलं ते प्रमाण. मुलगा म्हणाला, नाव निराळं, पण वस्तू तीच असेल तर दोष लागेल. गुरुजींच्या पत्नीने, आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी काय सांगितलं असतं, ते सांगायला सुरुवात केली. भात निवत चालला. शेवटी चुलतभावानेच हात वर केला.

“आपण वाद घालतोय ना? म्हणजे दोन आहेत, हे सगळ्यांनी कबूल केलं. वाढा.”

आणि त्याने ताट पुढे केलं. गुरुजी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले आणि स्वतः उठून त्याला आणखी एक डाव वाढला. आत्याला द्वैत-अद्वैताशी काही कर्तव्य नव्हतं. तिने गुरुजींच्या पत्नीला राजम्याचा किलोचा भाव विचारला. उत्तर ऐकून तिचा घास हातातच राहिला, कारण काकांना बाजार समितीत कधी त्याच्या निम्माही मिळाला नव्हता. मग मधल्या व्यापाऱ्यांना तिने जे ऐकवायला घेतलं, ते ताक वाढेपर्यंत चाललं होतं, आणि व्याकरणाच्या चुका काढायला कुणी नव्हतं.